प्रतिसाद: वासा म्युझियमला अर्धा दिवस द्याच

वासा या एका बुडालेल्या स्वीडिश युद्धजहाजाच्या म्युझियमसाठी स्टॉकहोममधला अर्धा दिवस कशाला घालवायचा, असं वर कोणीतरी म्हटलंय, ते नाही पटलं. गर्दीचं खरंय, पण ती दारापाशीच, वरच्या मजल्यांवर निवांत बघता येतं. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन वासा बुडालं हे इथे सगळ्यांनी लिहिलंय, पण ३३३ वर्षं पाण्यात राहूनही लाकूड टिकलं कसं यावर कोणीच बोललं नाही! तिथलं पाणी इतकं कमी खारट आहे की लाकूड पोखरणारा जहाजकिडा त्यात जगतच नाही, आणि १९६१ ला वर काढल्यावर लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर १७ वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन फवारत होते.

मला स्वतःला तोफांपेक्षा मोजपट्ट्यांचा किस्सा जास्त आवडला. जहाजावर सुतारांच्या चार पट्ट्या सापडल्या, दोन स्वीडिश फुटाच्या आणि दोन अ‍ॅमस्टरडॅम फुटाच्या, म्हणजे एकाचा फूट १२ इंचांचा तर दुसऱ्याचा ११ चा :) आणि हो, आत लाकडासाठी थंड ठेवलेलं असतं, उन्हाळ्यातही स्वेटर न्या. नॉर्डिक म्युझियम अगदी शेजारीच आहे, पाय उरले तर.