अस्थी सोडून ‘मोकळं’ व्हायचं, की जवळ ठेवायच्या?

मलप्रभेकाठची:
परवा इथं एकांनी लिहिलं, ‘अस्थी घरात ठेवणं हे परदेशी खूळ. तिसऱ्या दिवशी माती सावडावी, नदीत सोडावी आणि मोकळं व्हावं.’ त्या ‘मोकळं व्हावं’नं दोन रात्री झोप नाही मला. कुणापासून मोकळं? आईपासून?

आईची रक्षा मे महिन्यात आमच्या बेळगावकडच्या खानापूरच्या घाटावर सोडली. कणकुंबीहून येणारी मलप्रभा पावसात घाट गिळते, पण मेमध्ये पोटरीभर पाणी. रक्षा वाहिलीच नाही. शेवाळाला आणि कुणाच्या तरी जुन्या हाराच्या प्लास्टिकला धरून सायीसारखी तरंगत राहिली. भाऊ म्हणाला चल, मागं वळून बघायचं नसतं. मी बघितलं. गाठोड्याच्या तळाशी मूठभर उरली होती, ती पदरात बांधून आणली.

आमच्या गल्लीत कुंभारकाम अजून चालतं. शेजारच्या काकांना म्हटलं, यातून तुळशीवृंदावन कराल का? ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, चाळून आण, हाडाचा खडा राहिला तर भांडं तडकतंय. आईच्याच पिठाच्या चाळणीनं चाळली. राहिलेले तुकडे बोटांनी चुरले, रांगोळीसारखे किरकिरत होते. वरून ग्लेझसारखी, चकाकत्या लेपासारखी लावता येईल का, तर म्हणाले, राखेचा ग्लेझ वितळायला बाराशे अंशांच्या वर आच लागते, आपली लाल मातीची भट्टी हजाराच्या आसपास. वर नको, आतच असू दे. पाटीभर मातीत ती मूठ मळली त्यांनी. आता वृंदावन दारात आहे, रोज पाणी घालते. कपाटात कलश ठेवण्यापेक्षा मला हे बरं वाटलं.

चिकोडीचे अण्णा:
ते मीच लिहिलं होतं. ताई, तुमचं दुःख मान्य. पण पिठाची चाळण? जिच्यातलं पीठ नैवेद्याला जातं ती? अस्थींचं गाठोडं उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात, ते उगाच नाही. दहाव्याच्या आत नरसोबाच्या वाडीला न्यावं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमात सोडावं.

आणि जवळ ठेवतो म्हणणाऱ्यांचं काय होतं ते मी बघितलंय. चुलत्यांच्या अस्थी काशीला न्यायच्या म्हणून तांब्यात घालून, तोंडाला फडकं बांधून गोठ्याच्या आढ्याला टांगल्या. यंदा ऊस, पुढच्या वर्षी लग्न, असं करत अकरा वर्षं गेली. गोठा पाडताना तांब्या गवंड्याच्या हातात आला. हे काय ओ, असं त्यानं विचारलं आणि तिघा मुलांना तोंड वर करता येईना. गांधीजी 1948 ला गेले. त्यांच्या अस्थींचा एक कलश कटकला बँकेच्या लॉकरमध्ये राहिला आणि 30 जानेवारी 1997 ला प्रयागच्या संगमात सुटला. त्यांची ही गत, मग आपल्या तुपल्यांचं काय?

निपाणीकडचा शेतकरी:
शेत आहे की. पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात कितीतरी गावांत रक्षा नदीत न सोडता शेतात टाकून झाड लावतात, आमच्याकडंही आता करतात. नेहरूंनी 1954 च्या मृत्युपत्रात हेच मागितलं होतं, मूठभर गंगेत आणि बाकीची विमानातून शेतांवर.

फक्त सगळी रक्षा खड्ड्यात ओतून वर रोप लावू नका. चितेला तीनेकशे किलो लाकूड लागतं, म्हणजे रक्षेत लाकडाचीही बरीच राख. हाडांची म्हणाल तर दोन-तीन किलो. दोन्ही क्षारट, कोवळी मुळं जळतात. दादांचं पहिलं आंब्याचं रोप असंच गेलं, आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या खेपेला रक्षा शेतभर विस्कटली आणि खड्ड्यात ओंजळभरच, शेणखतात कालवून. ते झाड लागलं.

वडगाव शिवार:
झाड लावा म्हणणं सोपं आहे. आम्ही लावलं होतं. बाबांच्या रक्षेवरचा फणस, नऊ वर्षांचा, पहिली फळं धरलेला. रस्त्यासाठी जमीन गेली. पंचनाम्यात लिहिलं, ‘फणस, एक’. जेसीबीला दहा मिनिटंही लागली नाहीत. आणि नोटीस आली ती सगळी कन्नडमध्ये. मुदत संपल्यावर दुसऱ्याकडून वाचून घेतली. हरकत कधी घ्यायची?

दोन्ही भाषांचा:
दुःख झालं वाचून. पण भाऊ, जन्म इथं, रेशन इथं, मग अक्षरं शिकायला कुणी अडवलं होतं? मी मराठी शाळेतलाच, कन्नड वाचतो. प्रत्येक गोष्ट भाषेवर नेऊन ठेवायची सवय सोडा.

वडगाव शिवार:
मी नेली नाही, कागदानं नेली. जिथं 15 टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्य भाषेचे आहेत तिथं नोटिसा त्या भाषेतही द्याव्यात, हे 1956 पासून ठरलेलं आहे. उपकार मागत नाही. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर बाबांचं नाव आहे आणि ते मला वाचता येत नाही, हे तुम्हाला सवय वाटते?

दोन्ही भाषांचा:
दाखल्याचं मी बोललो नव्हतो. नोटीस दोन्हीत यायला पाहिजे होती, हे मान्य. शिकायलाही पाहिजे, हे मी सोडणार नाही.

चिकोडीचे अण्णा:
विषय अस्थींचा आहे. भाचा जर्मनीत असतो, तो सांगतो स्वित्झर्लंडमध्ये रक्षेचा हिरा करून देतात. तेही करणार का उद्या?

निपाणीकडचा शेतकरी:
अण्णा, हाडांच्या रक्षेत कार्बन अगदी थोडा उरतो, बाकी बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट. ते हाड आहे, मातीलाच उपयोगी. हिऱ्याचं सोडा, ताईंनी केलं ते त्यापेक्षा मला पटतं.

चिकोडीचे अण्णा:
मला चाळण पटलेली नाही, पटणारही नाही. पण वृंदावन दारात आहे, उंबऱ्याच्या बाहेर, आणि त्याला रोज पाणी पडतंय. गोठ्याच्या आढ्याला अकरा वर्षं कुणी पाणी दाखवलं नव्हतं. एवढं म्हणतो आणि थांबतो.

मलप्रभेकाठची:
चाळण मी परत वापरली नाही अण्णा. वृंदावनाशेजारीच टांगली आहे.

वडगाव शिवार:
ताई, झाड पडलं त्या दिवशी बुंध्याखालची माती डालड्याच्या डब्यात भरून आणली होती. अजून तशीच आहे, कुठं ठेवायची कळत नव्हतं. तुमचे काका दुसऱ्यांचं करून देतील का? भट्टी कधी लावतात?

मलप्रभेकाठची:
पाऊस धरायच्या आत एक लावतात. विचारलं, या म्हणाले. माती वाळवून आणा. चाळायला माझ्याकडं आहे.