सेव्रची ताटली की चीर गेलेली बशी? ४०० युरोत काय घ्यावं?

ल्योंकर
पॅरिसमधल्या लिलावात सेव्रचे (फ्रान्सचा जुना राजेशाही पोर्सेलिन कारखाना) दोन नग आलेत. कमिशन (३० टक्के) धरून माझी मर्यादा ४०० युरो.
पहिला: फिरोजी काठाची ताटली, मध्ये राणी मारी आंत्वानेतचं चित्र. मागे गुंफलेले निळे दोन एल (कारखान्याची खूण), त्यांत 'ए', शेजारी 'शातो दे त्विलरी' (पॅरिसमधला त्विलरी राजवाडा) असा लाल शिक्का. राजवाड्यातून आल्याची जुनी चिठ्ठीही आहे. अंदाज ६००.
दुसरा: फुलांची बशी, कप नाही. दोन एलमध्ये 'के'. काठाला केसासारखी चीर, साधारण २ सेंमी. अंदाज २५० ते ३००.

झिलई
ताटली सोडा. दोन एलमधलं अक्षर साल सांगतं: 'ए' म्हणजे १७५३, आणि मारी आंत्वानेत जन्मली १७५५ मध्ये. १७५३ ला कारखाना व्हँसेनला होता, सेव्रला गेला १७५६ मध्ये. तो लाल शिक्का राजा लुई फिलिपच्या राजवटीतला (१८३०-४८), राजवाड्यातल्या भांड्यांवर मारायचे. खऱ्या भांड्यावर त्याच्याजोडीला मुकुटाखाली एल-पी आणि साल असतं. इथे तिन्ही गोष्टी एकमेकींना खोटं पाडतात.

जोडीदार
नुसती बशी कशाला? बजेट दुप्पट करा आणि कप-बशीची जोडी घ्या. एकटी बशी विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळत नाही.

ल्योंकर
दादा, दुप्पट शक्य नाही. ४०० म्हणजे ४००.

पांढरामाल
'ए' म्हणजे १७५३ हे वर आलंच आहे. पण ताटलीची माती खरी असू शकते. १८०० मध्ये ब्रोंन्यार संचालक झाल्यावर कारखान्याने बिनरंगाचा जुना पांढरा माल विकून टाकला. पॅरिस आणि इंग्लंडच्या रंगाऱ्यांनी त्यावर फिरोजी, गुलाबी काठ चढवले. जुनी झिलई पुन्हा भट्टीत गेली की बारीक काळे ठिपके उठतात, ते भिंगाखाली शोधा. पानांचा हिरवा दाट, अपारदर्शक असेल तर तो क्रोमचा. क्रोमियम धातूच १७९७ मध्ये सापडला, त्यामुळे तो रंग अठराव्या शतकाच्या मध्यावरच्या भांड्यावर येऊच शकत नाही.

झिलई
माती खरी असली तरी ६०० कोण देईल!
बशीकडे वळा. 'के' म्हणजे १७६३. लिमोजजवळ सेंतीरिएला केओलिन (पांढरी चिनी माती) सापडलं १७६८ मध्ये, त्यानंतर सेव्रची कठीण माती, म्हणजे केओलिन घातलेलं पोर्सेलिन; त्याआधीची ती मऊ माती. म्हणजे ही बशी मऊ मातीचीच हवी, कठीण निघाली तर खूण खोटी. टवका उडाला असेल तिथे पाहा: मऊ माती रवाळ दिसते, कठीण माती काचेसारखी फुटते. तळाच्या कड्याला भट्टीत टांगायचं छोटं भोक आणि मातीत कोरलेली कारागिराची अक्षरं आहेत का, तेही विचारा. रंगवलेली खूण मागाहून काढता येते, कच्च्या मातीत कोरलेली नाही.

जोडीदार
कठीण मातीच्या खुणेवर मुकुट असतो, एवढं बघितलं तरी पुरे.

झिलई
पुरे नाही. मुकुट नसलेले कठीण नगही आहेत, आणि नकलांवर मुकुट सर्रास काढलेला असतो.

वंशावळ
मालकांचा इतिहास हवा असेल तर बशीकडून आशा ठेवू नका. सेव्रच्या विक्रीच्या वह्या कारखान्याच्या दफ्तरात आहेत, पण सुट्या कप-बशीची नोंद 'एक कप, एक बशी, किंमत' इतकीच सापडते. माग लागतो तो नाममुद्रेच्या (मालकाच्या नावाची अक्षरं असलेल्या) संचांचा: रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन, म्हणजे येकातेरिना, हिचा 'ई' आणि रोमन दोन (१७७९ ला रशियाला गेला), पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारीचा डी-बी. व्हर्साय राजवाड्यातलं सामान १७९३-९४ मध्ये १७,१८२ लॉटमध्ये विकलं गेलं. म्हणून 'राजवाड्यातून आलं' अशी चिठ्ठी कुणीही लिहू शकतो. नोंदीशिवाय तिला किंमत नाही.

पांढरामाल
तरी चिरलेलं घेऊ नये. गरम पाण्याने चीर पुढे सरकते, डाग आत शिरतो.

जोडीदार
मीही तेच म्हणतो. त्यापेक्षा थांबा.

ल्योंकर
फोटो आले. तळाला भोक आहे, कोरलेली दोन अक्षरं आहेत, टवक्यात माती रवाळ. बशीच घेतोय, ३०० वर हात आखडणार. कप नसला तरी चालेल.

झिलई
वापरायची नसेल तर ठीक. झिलईत शिसं असतं, त्यामुळे लिंबू, दही, सोलकढी कधीच नको. कोमट पाण्यात हाताने धुवा, भिजत ठेवू नका, सोनेरी काठ घासू नका. भिंतीवरच्या तारेच्या स्प्रिंगमध्ये अडकवू नका, चीर तिथूनच वाढेल. लाकडी स्टँडवर ठेवा, चीर वरच्या बाजूला येईल अशी.