कॉन्टेसाला सरकते इंडिकेटर: मूळ टेल लॅम्प न कापता कसे बसवावेत?

डिकीवाला_बडोदा
मंडळी, गाडी कॉन्टेसा, १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला). मागच्या टेल लॅम्पच्या पिवळ्या काचेमागे २१ वॅटचा एकच बल्ब आहे. तिथे आतून बाहेर सरकत जाणारे तीन टप्पे हवेत, १९६५ च्या फोर्ड थंडरबर्डसारखे. पुढचे बल्ब तसेच ठेवायचे आहेत. होल्डर किंवा मूळ वायरिंग कापायचे नाही. बाहेरून येणारे किट घ्यावे का, की टप्पे पेटवणारा सर्किट बोर्ड घरी बनवावा? फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदलावा लागेल का?

तांब्याची_तार
किट नको. अमेरिकन गाड्यांत बऱ्याचदा ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बवर चालतात, आणि तिथली किट त्याच हिशेबाने बनवलेली असतात. आपल्याकडे दोन्ही वेगळे आहेत, त्यामुळे काम उलट सोपं आहे.

फ्लॅशर इंडिकेटरच्या लाइनला १२ व्होल्ट देतो तेव्हाच बोर्ड जागा होतो, टप्पे पेटवतो, आणि लाइन बंद झाली की विझतो. इतकंच करायचं. म्हणजे पॉझिटिव्हसाठी डिकीत नवी वायर ओढावी लागत नाही.

जुन्या बल्बची काच काढून पितळी टोपी ठेवा. पॉझिटिव्ह तिच्या टोकावरून घ्या. अर्थ मात्र होल्डरवर सोडू नका, तिथे गंज असतोच. बॉडीवर रंग खरवडून स्वतंत्र वायर लावा. इंडिकेटर पेटलेला असताना त्या जोडापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थ पुन्हा करा.

प्रत्येक टप्प्यात एकामागोमाग जोडलेल्या तीन-तीन पिवळ्या एलईडींच्या चार माळा, म्हणजे एका बाजूला ३६ एलईडी आणि करंट साधारण ०.२ अँपिअर. पांढऱ्या एलईडी घेऊ नका, पिवळ्या काचेतून फिक्या दिसतात. रुंद कोनाच्याच घ्या. १५ अंशांच्या घेतल्यात तर बाजूने येणाऱ्या स्कूटरवाल्याला काहीच दिसणार नाही.

पहिला टप्पा थेट लाइनवर जोडा, चिपमधून नेऊ नका. चिप मेली तरी एक तृतीयांश इंडिकेटर तरी लुकलुकत राहील. उरलेले दोन टप्पे एटीटायनी८५ (वेळ ठरवणारी छोटी प्रोग्रॅम करता येणारी चिप) आणि यूएलएन२००३ (तिच्या इशाऱ्यावर एलईडी चालवणारी ड्रायव्हर चिप) वरून. यूएलएनमध्ये जवळपास ०.९ व्होल्ट खर्च होतो, म्हणून थेट टप्प्याला प्रत्येक माळेमागे ३९० ओहम आणि चिपवरच्या टप्प्यांना ३३० ओहम लावा, नाहीतर पहिला टप्पा जास्त उजळ दिसेल. लाइनवर सुरुवातीला १एन४००७ डायोड, मग व्होल्टेजच्या अचानक उसळीसाठी (स्पाइक) २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड, मग चिपसाठी ७८०५, म्हणजे ५ व्होल्टचा रेग्युलेटर.

मिलिसेकंद
तारभाऊंचं बरोबर आहे, पण गडबड होते ती वेळेत. एटीटायनी८५ चा मूळ फ्यूज-बिट (चिपमधलं कायमचं सेटिंग) जागं व्हायलाच ६४ मिलिसेकंद घेतो. त्यानंतर दुसरा टप्पा ७० आणि तिसरा १४० मिलिसेकंदांवर ठेवला की तिसरा प्रत्यक्षात २०४ वर पेटतो. इंडिकेटरसाठीच्या युरोपच्या आर६ नियमात पूर्ण सरक २०० मिलिसेकंदांच्या आत संपावी लागते, आणि पेटलेला टप्पा शेवटपर्यंत पेटलेलाच राहावा लागतो. ती मर्यादा पाळावी, मागच्याला दिशा लगेच कळते. स्टार्ट-अप ४ मिलिसेकंदांवर आणा आणि ब्राउन-आउट (व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारी सोय) २.७ व्होल्टवर चालू ठेवा.

आर्डुइनो नॅनो हा तयार बोर्ड इथे चालत नाही. त्याचा बूटलोडर (सुरुवातीला चालणारा प्रोग्रॅम) संपेपर्यंत ब्लिंकच संपतो. ७८०५ च्या आधी मोठा कपॅसिटरही नको, १० मायक्रोफॅरड पुरे. ४७० लावला तर दोन ब्लिंकच्या मध्ये चिप रीसेट होत नाही, मग पहिल्यांदा सरकतं आणि पुढे सगळं एकदम पेटतं.

डावा आणि उजवा बोर्ड आरशातल्या प्रतिमेसारखे असतात. अदलाबदल झाली की दिवा आतल्या बाजूला सरकतो, म्हणून बोर्डवर डा-उ लिहून ठेवा.

डिकीवाला_बडोदा
आणि फ्लॅशर?

तांब्याची_तार
बदलावाच लागेल. जुना बायमेटलवाला (तापून वाकणाऱ्या पट्टीचा) तापण्यासाठी दोन २१ वॅटचे बल्ब धरून बनवलेला असतो. लोड निम्म्यावर आला की तो मंदावतो किंवा पेटलेलाच राहतो. बल्ब उडाल्याचं ओळखणारा इलेक्ट्रॉनिक असेल तर उलट घाई करतो. ६ ओहमचा रेझिस्टर लावायचा सल्ला ऐकू नका. १४ व्होल्टवर तो ३० वॅटच्या वर उष्णता देतो, आणि टेल लॅम्पजवळ प्लास्टिक आहे. लोडवर अवलंबून नसलेला तीन पिनांचा एलईडी फ्लॅशर घ्या.

फक्त पिना बघून घ्या. जुन्याची तिसरी पिन पी, म्हणजे डॅशच्या दिव्याची, आणि नव्याची ई, म्हणजे अर्थ. पी ची वायर ई वर चढवू नका. ती टेप करून बाजूला ठेवा, ई ला वेगळा अर्थ द्या आणि डॅशचा दिवा डाव्या-उजव्या लाइनवरून एकेक १एन४००७ घालून चालवा.

मिलिसेकंद
पावसाळ्यासाठी बोर्डला ओलावा रोखणारं कोटिंग द्या. काच बंद करायला आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअरवालं (आंबट वास न येणारं) मागा. मूळ होल्डर शाबूत ठेवताय ते उत्तमच. २०२३ च्या जानेवारीत आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसला कॉन्कूर (जुन्या गाड्यांची स्पर्धा) भरला होता, तशा ठिकाणी मूळपणा बघतात. बोर्ड काढून बल्ब घालायला पाच मिनिटं पुरतील.

शेवटी इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्रेक लावून ब्लिंक मोजा. नियमाप्रमाणे मिनिटाला ६० ते १२० हवेत. ब्रेक दाबल्यावर पिवळी काच मंद लुकलुकली, तर अर्थ अजून कच्चा आहे.