दुष्काळाचा नकाशा बघून गुरांचं अनुदान: बरोबर की चूक?

माळरान: अमेरिकेत कुरणं वाळली की पशुपालकांना एलएफपी या सरकारी दुष्काळ-मदत योजनेतून चाऱ्यासाठी पैसे मिळतात. 2014 च्या शेती कायद्याने ही योजना कायमची झाली. पंचनामा नाहीच. दर गुरुवारी निघणारा दुष्काळाचा नकाशा बघायचा. चराईच्या हंगामात काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, कोणत्याही भागात डी3 (अतितीव्र दुष्काळ) लागला की तीन महिन्यांची रक्कम. तो चार आठवडे टिकला किंवा डी4 (सर्वात वरचा वर्ग) लागला तर चार, आणि डी4 चार आठवडे राहिला तर पाच. आता नेब्रास्कातली चेरी काउंटी घ्या, आकाराने जवळपास पुणे जिल्ह्याएवढी. इंदापूर करपलं म्हणून मुळशीलाही मदत द्यायची, असला हा कारभार.

कोरडवाहू: आधी रक्कम किती ते तरी बघा. कायद्यात मोठ्या गायीचा खुराक रोज 15.7 पौंड मका धरलाय. 30 दिवसांचे 471 पौंड, म्हणजे साधारण 8.4 बुशेल. मका बुशेलला 5 डॉलर धरला तर 42 डॉलर, आणि मिळतात त्याचे 60 टक्के. म्हणजे गायीमागे महिन्याला 25 डॉलर. तीच गाय दिवसाला 25 पौंड वाळलं गवत खाते. टनाला 200 डॉलर भाव असेल तर महिन्याचे 75 होतात. एक तृतीयांश खर्च निघतो, त्यावर एवढा गहजब कशाला? शिवाय जमिनीची चराईक्षमता कमी असेल तर हिशेब गुरांवर नाही, क्षमतेवर होतो. माणसामागे वर्षाला 1,25,000 डॉलरची मर्यादा आहे ती वेगळीच.

माळरान: रक्कम कमी आहे म्हणून चुकीच्या माणसाला दिली तरी चालते, असं कसं?

हिशेबनीस: मग पीआरएफ, म्हणजे कुरणांचा पाऊस-आधारित विमा, घ्या म्हणावं. त्यात काउंटी नाही, अक्षांश-रेखांशाचे पाव अंशाचे चौकोन आहेत. दोन-दोन महिन्यांचे कालखंड निवडायचे, 70 ते 90 टक्के संरक्षण, आणि हप्त्याचा निम्म्याहून जास्त वाटा सरकार भरतं. चौकोनातला पाऊस ठरलेल्या पातळीखाली गेला की भरपाई.

कोरडवाहू: आणि गवत वाढतं मे-जूनमध्ये, तर लोक कालखंड घेतात जानेवारी-फेब्रुवारीचा! तेव्हा पाऊस मुळात कमी आणि लहरी, त्यामुळे भरपाई निघायची शक्यता जास्त. कुरण हिरवंगार असलं तरी पैसे येतात. उलट चौकोनातला आकडा आसपासच्या केंद्रांवरून काढलेला असतो, त्यामुळे आपल्या रानावर थेंब पडला नसला तरी तो 'सामान्य' येऊ शकतो. आपल्याकडच्या हवामान आधारित फळपीक विम्यात मंडळाच्या केंद्रावरून जी भांडणं होतात, तीच ही. नकाशा बनवणारी माणसं निदान जमिनीतली ओल, ओढ्यांची पातळी, गावोगावचे अहवाल बघतात.

हिशेबनीस: बघतात, म्हणून तर रेषा सरकवण्यासाठी दबावही त्यांच्यावरच येतो. एका रेषेवर पूर्ण काउंटीचे पैसे अवलंबून ठेवले की दुसरं काय होणार? पावसाच्या आकड्याला कोणी फोन करत नाही. हिवाळ्याचे कालखंड बंद करा, निम्मी तक्रार मिटेल. आणि हो, दोन्ही योजनांचे पैसे एकाच वर्षी घेता येतात. माझ्या मते खरी गळती तिथे आहे, काउंटीच्या हद्दीत नाही.

बांधावरून: काउंटी पात्र झाली म्हणजे सगळ्यांच्या खात्यात पैसे पडले, असंही समजू नका. अर्ज बहुतेक वेळा कागदावर अडतो. दुष्काळ सुरू होण्याआधीच्या 60 दिवसांत गुरं तुमच्या मालकीची किंवा भाडेकराराने तुमच्याकडे हवीत. फीडलॉटमधली, म्हणजे कुरणाऐवजी कोंडून खाऊ घातलेली, जनावरं बाद. गुरांचं वजन किती वाढलं त्या हिशेबाने भाडं ठरवून कुरण घेतलं असेल तर ते धरत नाहीत. चराऊ क्षेत्राची नोंद मुदतीत केलेली हवी, करारात एकर आणि तारखा हव्यात. दुष्काळामुळे गुरं आधीच विकली असतील तर त्यांच्यासाठी दर 80 टक्केच.

माळरान: हे सगळं मान्य. पण यातली एकही अट मुळशीचं कुरण खरंच वाळलं का, हे विचारत नाही. काउंटीऐवजी पीआरएफचेच चौकोन घ्या आणि त्यांवर नकाशातले डी वर्ग लावा. नकाशा तसाही संगणकावरच काढतात.

कोरडवाहू: आणि एखाद्याचं कुरण तीन चौकोनांत पसरलेलं असेल तर?

माळरान: एकरांच्या प्रमाणात. क्षेत्राची नोंद द्यावीच लागते की.