डेव्हन लीवायला बफेलोनं फार लवकर गोलमध्ये उभं केलं का?

चारुता (बॉस्टन)

विषय बरेच दिवस मनात आहे. ज्यांना आइस हॉकी फारशी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी.

डेव्हन लीवाय, जन्म डिसेंबर 2001, माँट्रियालच्या उपनगरातला. उंची सहा फूट. आजकालचे एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे) गोली, म्हणजे गोलरक्षक, सहा-तीन, सहा-चार असतात, म्हणजे त्यांच्यात हा बुटकाच. 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ पाळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात त्यात, फ्लोरिडाच्या संघानं त्याला सातव्या फेरीत, 212 व्या क्रमांकावर घेतलं. त्याच हिवाळ्यात एडमंटनला रिकाम्या स्टेडियममध्ये ज्युनिअर विश्वचषक झाला. तिथे कॅनडासाठी त्यानं शंभरातले शहाण्णव फटके अडवले, आणि तेही बरगडी मोडलेली असताना. अंतिम सामना अमेरिकेनं 2-0 नं जिंकला, पण त्याचं नाव झालं. त्या बरगडीपायी नॉर्थईस्टर्न विद्यापीठातला पहिला मोसम मात्र पूर्ण बुडाला. 2021 च्या जुलैत बफेलोच्या संघानं आपला खेळाडू सॅम राइनहार्ट फ्लोरिडाला दिला आणि बदल्यात लीवाय अधिक ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली एक निवड घेतली. पुढची दोन वर्षं आम्ही बॉस्टनकरांनी त्याला डोळे भरून पाहिलं. 2021-22 मध्ये फटके अडवण्याची सरासरी 0.952, म्हणजे हजारातले 952 अडवले, आणि 10 सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. कॉलेजच्या सर्वोत्तम गोलीला मिळणारा माइक रिक्टर पुरस्कार लागोपाठ दोनदा.

17 मार्च 2023 ला त्यानं बफेलोशी करार केला आणि दोन आठवड्यांत एनएचएलमध्ये उभा राहिला. न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध जादा वेळेत 3-2 नं जिंकला. त्या मोसमात सात सामने, पाच विजय. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ऑक्टोबर 2023 ची. एकवीस वर्षांच्या पोराला नव्या मोसमाच्या पहिल्याच दिवसापासून मुख्य गोली केलं. पहिलाच सामना 5-1 नं गेला, मग दुखापत, मग कधी आत कधी बाहेर, आणि शेवटी खालच्या लीगमध्ये, रॉचेस्टरला रवानगी. त्या वर्षी एनएचएलमध्ये 0.899 आणि रॉचेस्टरमध्ये 0.927. पुढच्या वर्षी एनएचएलमध्ये नऊ सामने, त्यातले सात हरला.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याला आधी रॉचेस्टरला पाठवायला हवं होतं, निदान एक अख्खा मोसम. आणि हे बफेलोला शिकवायची गरज नव्हती. गोली रायन मिलर त्यांचाच. मिशिगन स्टेटकडून खेळताना त्याला 2001 मध्ये होबी बेकर मिळालं, म्हणजे कॉलेज हॉकीतला सगळ्यात मोठा मान, जो गोलीच्या वाट्याला क्वचितच येतो. तरीही तो 2002 ते 2005 मुख्यतः रॉचेस्टरला खेळला. मग बफेलोचा मुख्य गोली झाला, 2010 मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम गोली ठरला. 19 जानेवारी 2023 ला त्याचा 30 नंबर सन्मान म्हणून बफेलोच्या स्टेडियमच्या छताला टांगला गेला. दोनच महिन्यांनी लीवायनं सही केली. त्या 30 नंबरच्या खाली उभं राहून कोणालाच तो रस्ता आठवू नये?

---

अनिकेत (बफेलो)

चारुताताई, मी इथे अकरा वर्षं आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

मिलरचं उदाहरण तुम्ही देता तितकं सोपं नाही. त्या तीन वर्षांतलं शेवटचं वर्ष 2004-05 चं. तेव्हा एनएचएल अख्खा मोसम बंद होती, मालक आणि खेळाडूंच्या वादात. म्हणजे त्या वर्षी त्याला वर यायला वाटच नव्हती. रॉचेस्टरला त्यानं 41 सामने जिंकले हे खरं, पण त्याला निव्वळ क्लबचा संयम म्हणता येणार नाही.

दुसरं, बफेलोचाच टॉम बरासो घ्या. 1983 मध्ये शाळेतून थेट. कॉलेज नाही, खालची लीग नाही. अठराव्या वर्षी सर्वोत्तम गोली आणि सर्वोत्तम नवोदित, दोन्ही पुरस्कार एकाच मोसमात. मग काय म्हणायचं?

आणि तिसरं, जे बाहेरून कळत नाही. राइनहार्ट गेल्याचं इथल्या लोकांना फार लागलं होतं. 2011 नंतर या गावानं प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी, पाहिली नव्हती. तिकडे राइनहार्टनं 2023-24 मध्ये 57 गोल केले आणि त्याच जूनमध्ये अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात स्टॅनले कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकून देणारा गोलही त्याचाच. 'याच्या बदल्यात आलेला पोरगा कुठे आहे?' हे कामावर, दुकानात, सगळीकडे ऐकलंय मी. लीवायला रॉचेस्टरला दडवून ठेवला असता तर गावानं क्लबला खाल्लं असतं.

शिवाय कॉलेजात त्याला शिकण्यासारखं उरलं काय होतं? दोनदा सर्वोत्तम ठरून झालं होतं.

---

चारुता (बॉस्टन)

अनिकेत, तिसऱ्या मुद्द्यातच माझं उत्तर आहे. गावाला चैन पडावं म्हणून पोराला उभं केलं, असंच तर तुम्ही सांगताय. मला नेमकं हेच खुपतं.

कॉलेजात राहा असं मी म्हटलेलंच नाही. तिथलं त्याचं झालं होतं, मान्य. 2023 चा बीनपॉट आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. बॉस्टनच्या चार विद्यापीठांची फेब्रुवारीतली स्पर्धा, अंतिम सामना हार्वर्डशी, निकाल शूटआउटवर, आणि नॉर्थईस्टर्ननं तो जिंकला तेव्हा गोलमध्ये लीवायच होता. पण कॉलेजात मोसमाचे पस्तीस-एक सामने, बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. चुकलं तर सोमवार ते गुरुवार कोचबरोबर ते दुरुस्त करायला मिळतं. एनएचएलमध्ये तेव्हा 82 सामने. आज हरलात, रात्री विमान, परवा दुसऱ्या गावात पुन्हा उभे. दुरुस्तीला वेळ कुठला? तो वेळ रॉचेस्टरला मिळतो, आणि तिथे चूक झाली तर पेपरात मथळा येत नाही.

बरासोबद्दल, असा गोली चाळीस वर्षांत एखादा. त्याच्यावरून बाकीच्यांचं वेळापत्रक ठरवायचं का?

---

प्रसाद (नाशिक)

हॉकीतलं मला कळत नाही, पण वीस वर्षं क्लबकडून यष्टिरक्षण केलंय. पार्थिव पटेल 2002 मध्ये सतराव्या वर्षी कसोटीत उभा राहिला, दोन वर्षांत बाहेर गेला. धोनी पहिल्यांदा भारताकडून खेळला तेव्हा तेवीसचा होता. ग्लोव्हजमागे उभ्या असणाऱ्याची चूक कोणी झाकू शकत नाही, म्हणून त्याला पिकायला जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं. एक शंका: उंचीचा इतका फरक पडतो?

---

अनिकेत (बफेलो)

पडतो प्रसादजी. गुडघ्यांवर खाली गेल्यावर उंच गोलीचे खांदे गोलच्या वरच्या दांडीजवळ असतात. तो थोडा मागे राहिला तरी कोपरे झाकले जातात. सहा फुटी गोलीला पुढे येऊन कोन कापावा लागतो, आणि पुढे आलात की आडव्या पासला परत सरकायचं अंतर वाढतं. लीवाय हे सगळं अंदाजावर करतो. पक (हॉकीतली चपटी चकती) कुठे जाणार ते त्याला आधी दिसतं. पण एनएचएलमध्ये समोर दोन धिप्पाड माणसं उभी करतात, पकच दिसत नाही, आणि शेवटच्या क्षणी कोणीतरी काठी लावून दिशा बदलतो. कॉलेजात हे इतकं नसतं.

(चारुताताई, हे लिहिताना लक्षात आलं की हे तुमच्या बाजूचं झालं. राहू दे, खरं आहे ते.)

---

मीनाक्षी (ओटावा)

मला दोघांचंही पूर्ण पटत नाही.

लीवाय कॉलेजच्या आधी आमच्या इथून जवळच, कार्लटन प्लेसच्या संघाकडून खेळला, 2019-20 मध्ये. ती दुय्यम दर्जाची लीग. तेव्हाचा नियम असा की मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये एक सामना जरी खेळलात तरी अमेरिकन कॉलेजचं दार बंद. हा नियम 2025-26 पासून बदलला, पण त्याच्या वेळी निवड करावी लागत होती. त्यानं झगमगाट सोडून छोट्या गावची लीग आणि शिक्षण घेतलं. ज्या मुलानं सतराव्या-अठराव्या वर्षी एवढा लांबचा विचार केला, त्याला 'घाईत उभं केलं' म्हणताना आपण त्याची स्वतःची इच्छा विसरतोय. मार्चमध्ये सही केली की करारातलं एक वर्ष सात सामन्यांत निघून जातं, पुढचा करार लवकर येतो. त्यालाही ते हवंच असणार.

आणि माँट्रियालचा जुना गोली केन ड्रायडन आठवा. कॉर्नेल विद्यापीठात 76 विजय, चार पराभव, एक बरोबरी. 1969 ला पदवी घेतली, मग वर्षभर कॅनडाचा राष्ट्रीय संघ, मग माँट्रियालचा खालचा संघ. मार्च 1971 मध्ये वर बोलावलं, साखळीचे सहाच सामने खेळला आणि लगेच प्लेऑफमध्ये उभा केला. माँट्रियालनं कप जिंकला, सर्वोत्तम खेळाडू ड्रायडन. नवोदिताचा पुरस्कार त्याला पुढच्या वर्षी मिळाला, कारण आदल्या मोसमात तो पुरता नवोदितसुद्धा झाला नव्हता! खेळता खेळता मॅकगिल विद्यापीठातून वकिलीचं शिक्षणही घेतलं, आणि 1973-74 मध्ये पैशांवरून बिनसलं तेव्हा अख्खा मोसम सोडून टोरोंटोत वकिलांकडे उमेदवारी केली. माझ्या सासऱ्यांच्या पिढीला हे तोंडपाठ आहे.

सांगायचं हे की सहा सामन्यांवर उभा केलेला माणूस यशस्वी झाला, कारण पुढे माँट्रियालची बचावफळी होती. बफेलोत लीवायच्या पुढे काय होतं? गोल खाल्ले की गोलीकडे बोट दाखवणं सगळ्यात सोपं.

---

चारुता (बॉस्टन)

मीनाक्षीताई, बचावफळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मग कच्च्या बचावामागे कच्चा गोली ठेवणं दुप्पट चूक नाही का? आणि ड्रायडन तेव्हा तेवीस पूर्ण होता, मध्ये दीड-दोन वर्षं मोठ्या माणसांबरोबर खेळून आला होता. तुमचं उदाहरण मी माझ्याच खात्यात घेते.

अलीकडचे दोघे सांगते. कॉनर हेलिबक, मॅसॅच्युसेट्स लोवेल विद्यापीठाचा, माइक रिक्टर पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो 2014 मध्ये त्यालाच. तो त्यानंतर एक अख्खा मोसम खाली खेळला आणि पुढच्याचीही सुरुवात खालीच केली. 2025 मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू. जेरेमी स्वेमन, मेन विद्यापीठाचा, आमच्या ब्रुइन्सकडे (बॉस्टनचा एनएचएल संघ) आला तो आधी त्यांच्या खालच्या संघाकडून, प्रॉव्हिडन्सला, नऊ सामने खेळून.

---

अनिकेत (बफेलो)

नऊ! स्वेमन नऊ सामन्यांत वर आला, मग लीवायला एक अख्खा मोसम का?

---

चारुता (बॉस्टन)

कारण स्वेमन वर आला तेव्हा तिथे तुका रास्क हा मुरलेला गोली होता. स्वेमनला रोज उभं राहावं लागलं नाही. मी सामने मोजत नाहीये अनिकेत, ओझं मोजतेय.

आता हे का लिहायला बसले ते सांगते. गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाच्या क्लबनं त्याला वरच्या वयोगटात उभं केलं, कारण त्यांचा गोली आजारी होता. आम्हाला अभिमान वाटला, मीच हो म्हटलं. नऊ गोल खाल्ले. गाडीत बसताना त्यानं पॅड काढू दिले नाहीत. तसाच मागच्या सीटवर आडवा झाला, बर्फ वितळून पट्ट्यांमधून पाणी गळत होतं, आणि चाळीस मिनिटं एक शब्द नाही. तीन आठवडे सरावाला गेला नाही. कोच म्हणाले, अनुभव मिळाला. नऊ गोल खाण्याचा अनुभव चौदाव्या वर्षी कशाला हवा, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

---

मीनाक्षी (ओटावा)

चारुता, आता परत खेळतो का?

---

चारुता (बॉस्टन)

खेळतो. स्वतःच्या वयाच्या संघात. सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही खांबांना काठीनं एकेकदा टकटक करतो, ते मधे बंद केलं होतं, ते परत सुरू केलंय.

---

अनिकेत (बफेलो)

ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूनं. लीवायच्या बाबतीत अजूनही म्हणतो की करार केल्यावर वसंतातले सात सामने देणं बरोबर होतं. ऑक्टोबरबद्दल मात्र माझं मत डळमळलंय. त्याच मोसमात उक्को-पेक्का लुक्कोनन मुख्य गोली म्हणून टिकला, आणि तो तर कितीतरी मोसम रॉचेस्टरलाच घासून आलेला. हे मला कालपर्यंत या वादात आठवलंच नव्हतं.

रॉचेस्टर इथून गाडीनं तासा-सव्वातासावर आहे. लीवायला तिथे पाहिलंय मी दोनदा. फटका अडवल्यावर घाईनं उठत नाही, पक हाताखाली असला तरी शिट्टी वाजेपर्यंत तसाच झाकून राहतो. एनएचएलमध्ये दर वेळी उसळून उठायचा, तो फरक दिसतो.