मदत हवी आहे: फोमच्या मगरीचा रंग घडीत तडकतोय

नमस्कार मंडळी. सोसायटीतल्या मुलांचं माकड-मगरीचं नाटक बसवतोय. मगर अंगात घालायची आहे, आत आठवीतला एक मुलगा वाकून चालणार आणि हाताने जबडा उघडझाप करणार.

अंग गादीवाल्याकडच्या एक इंची फोमचं. दोन्ही कडांना एसआर (फेविकॉलचा रबरी गोंद) लावून, हाताला चिकटेनासं झाल्यावर दाबलं. सांधे झकास बसलेत. पाठीवरचे काटे लहान मुलांच्या जोडायच्या ईव्हीए मॅटमधून कापले. त्यांवर हीट गन फिरवली, ॲक्रिलिक रंगाने छान धरलं.

घोडं अडलंय मऊ फोमवर. नुसता रंग लावावा तितका आत जिरतो. फेविकॉल-पाण्याचे हात दिले तर सुकल्यावर कडक होतं, आणि जबड्याच्या कोपऱ्यात न् मानेच्या घडीत पापुद्रे सुटतात. शेपटीला चालून गेलं, ती बिचारी कुठे वाकतेय!

आता लिक्विड लेटेक्समध्येच (सुकल्यावर लवचीक राहणारं पातळ रबर) ॲक्रिलिक मिसळून पातळ थर द्यायचा विचार आहे. ओलं असताना फिकट दिसतं, सुकल्यावर गडद होतं, मग हिरवा नेमका कसा साधता? आपल्या दमट हवेत टाल्कम पावडर मारूनही घड्या एकमेकींना चिकटतात का? लेटेक्समधल्या अमोनियाचा वास पुरता जायला किती दिवस सोडावं? आत पोर आहे, शिवाय काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते, म्हणून आतून सुती अस्तर लावतोच आहे.

की घडीच्या जागी सरळ लायक्रा (ताणलं जाणारं कापड) चिकटवून तोच रंगवू? केलेल्यांनी सांगा. आणि ठाण्याच्या आसपास लेटेक्स सुटं, लिटरभर, कुठे मिळेल?