मदत हवी आहे: गुडघा बदललेल्या आईला कुमाऊँत पक्षी दाखवायला न्यायचंय – डिसेंबर की एप्रिल?

करवंद

नमस्कार मंडळी. इथले हिमालयाचे जुने धागे चाळले, पण ते एकतर ट्रेकचे आहेत नाहीतर हातभर लांब लेन्सवाल्यांचे. माझं प्रकरण वेगळं आहे म्हणून नवा धागा काढतेय.

आई ६९ वर्षांची, देवरुखजवळ आमच्या वाडीत राहते. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिचा उजवा गुडघा बदलला. सपाटीला तासभर आरामात चालते, चढ दम खात चढते, उताराला मात्र तोंड वाकडं करते. उकिडवं बसणं, मांडी घालणं बंद.

तिला पक्ष्यांचं वेड आहे असं म्हटलं तर ती रागावेल. "वेड कसलं, दिसतात म्हणून बघते." पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाला लागून तिच्या नोंदी असतात. यंदाची ऑक्टोबरमधली एक जशीच्या तशी देते: "अर्धा लि. जादा. निळ्या डोक्याचा आला. फणसाखाली. एकटाच." हा निळ्या डोक्याचा म्हणजे ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश, निळ्या डोक्याचा कस्तूर. डोकं नि गळा निळा, पोट विटकरी, पंखावर पांढरा ठिपका. दर वर्षी पाऊस ओसरला की फणसाखालच्या पाचोळ्यात येतो आणि एप्रिलच्या सुमाराला नाहीसा होतो. जुनी कॅलेंडरं तिने टाकलेली नाहीत, त्यामुळे अकरा वर्षांच्या तारखा घरात आहेत.

यंदा तो आला तेव्हा मी तिथेच होते. भांडी घासता घासता म्हणाली, "हा तिकडे गेल्यावर राहतो कुठे, ते एकदा बघायला हवं." आयुष्यात तिने स्वतःहून कुठे जायचं नाव काढलंय असं मला आठवत नाही. वाक्य हवेत विरायच्या आत काहीतरी ठरवावं म्हणून हा खटाटोप.

वाचून जे जमवलंय ते असं: कुमाऊँ म्हणजे उत्तराखंडाचा नैनितालकडचा भाग. दिल्लीहून रेल्वेने काठगोदाम, तिथून गाडीने सातताल, तीन रात्री. मग नैनितालवरून पंगोट, तीन रात्री. वेळ उरला तर पलीकडे गढवालातलं चोपता, कारण मोनाल (उंचावरचा रंगीत फेजंट, रानकोंबड्याच्या कुळातला) बघायचा मोह मला आहे (आईला नाही, तिने नावच ऐकलेलं नाही). महिना डिसेंबरचा धरलाय, कारण सगळे म्हणतात हिवाळ्यात सातताल पक्ष्यांनी गजबजलेलं असतं, आणि मला तेव्हा रजा मिळते.

एक जुना अनुभव सांगते म्हणजे मला काय नको ते कळेल. तीन वर्षांपूर्वी आईला एका ग्रुपबरोबर जंगलात नेलं होतं. ग्रुपचं नाव नको. पहाटे साडेपाचला जीपमध्ये कोंबलं, गाइडने मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला, पक्षी बिचारा पुन्हा पुन्हा चवताळून समोर येत राहिला आणि अकरा जणांनी पटापट फोटो मारले. आई मागच्या सीटवर. तिला दिसल्या त्या पाठी. वर एकाने विचारलं, "काकू, तुमचे लाइफर किती झाले?" म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेल्या जाती. घरी येऊन त्या दिवसाच्या चौकटीत तिने लिहिलं: "पक्ष्याला फार त्रास दिला." बाकी काही नाही.

तेव्हा मला हवंय ते एवढंच: बसून बघता येईल अशी जागा, आवाज न लावणारा गाइड, कमोड असलेली खोली आणि घाटात आईला गाडी लागू नये याची काहीतरी युक्ती. बजेट फार ताणायचं नाहीये, पण गाडी स्वतंत्र करायची तयारी आहे. जाऊन आलेल्यांनी सांगा, डिसेंबर बरोबर आहे ना?

टकाचोर

डिसेंबरच. डोळे मिटून. थंडीत वरच्या डोंगरातले पक्षी खाली उतरतात, त्यामुळे सातताललाच एवढं दिसतं की वर जायची गरज पडत नाही. एकाच झाडावर सात-आठ जातींचा मिश्र थवा येतो आणि दोन मिनिटांत झाड रिकामं करून पुढे जातो. माझ्याकडे मागच्या खेपेचे १४० जातींचे फोटो आहेत. मोनाल हवा असेल तर चोपताला पर्याय नाही, पहाटे रस्त्याच्या कडेलाच चरताना दिसतात. वर तुंगनाथच्या देवळापर्यंत चढायचीही गरज नाही.

ओली_माती

टकाचोर, तुमचं चूक नाही, पण त्यांच्या आईचा प्रश्न तुम्ही वाचलाच नाहीत असं वाटतं.

करवंद, निळ्या डोक्याचा कस्तूर डिसेंबरात सातताललाच नसतो! तो तुमच्या फणसाखाली असतो. डिसेंबरात तिकडे गेलात तर तो देवरुखला, तुम्ही नैनितालला, अशी चुकामूक होईल. तो एप्रिलमध्ये हिमालयात पोचतो, तिथे घरटं करतो आणि पावसाळा संपला की सह्याद्रीत परततो. व्हर्डिटर फ्लायकॅचरचं जवळपास तसंच. आपल्याकडे हिवाळ्यात तारेवर गप्प बसलेला तो निळा-हिरवट पक्षी तिकडे उन्हाळ्यात गात असतो.

मी नोकरीच्या निमित्ताने हल्द्वानीत चार वर्षं काढली. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा ही वेळ तुमच्या आईसाठी. तुमच्या फणसाखाली तो मुकाट पाचोळा उलटत असतो ना? तिकडे चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, शेंड्यावर बसून मान वर करून गातो. आईंनी त्याचं गाणं बहुधा कधी ऐकलेलं नसेल. फक्त आपल्याइथला दिसतो तसा खाली शोधू नका, शेंड्याकडे बघा.

टकाचोर

मान्य, हे माझ्या लक्षात आलं नाही. पण एप्रिल-मेमध्ये वणवे लागतात हेही सांगा की. २०२४च्या एप्रिलअखेर नैनितालजवळ आग विझवायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर आणावं लागलं होतं. धूर असला तर दुर्बिणीतून काय दिसणार? आणि मेमध्ये नैनितालला मुंग्यांसारखी गर्दी.

ओली_माती

खरं आहे. चीडच्या वाळक्या सुया, त्यांना तिकडे पिरूल म्हणतात, जमिनीवर जाड थर करून पडतात आणि ठिणगीने पेट घेतात. त्यामुळे बुकिंग असं करा की आयत्या वेळी आठवडाभर पुढे-मागे सरकवता येईल. एक सर येऊन गेली की हवा धुऊन निघते आणि मग नजर हिमशिखरांपर्यंत जाते. गर्दीचं म्हणाल तर नैनितालमध्ये थांबायचंच नाही, शनिवार-रविवार सोडून सकाळी लवकर पार व्हायचं. पंगोट पुढे पंधराएक किलोमीटरवर आहे आणि तिथे नैनितालच्या माल रोडवर भटकणारे पर्यटक पोचत नाहीत.

आता गुडघ्याचं. साततालला ओढ्याकाठी एक जागा आहे, फोटोवाले तिला 'स्टुडिओ' म्हणतात. पाण्यावर पक्षी येतात, तुम्ही बसून राहायचं. आईंना आवडेल, पण वाटेवर दगड आहेत, काठी घ्या. खासगी आडोसेही आहेत, म्हणजे कापडाआड बसून खिडकीतून बघायचं. तिथली खरी अडचण कोणी सांगत नाही: बसायला वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं असतात आणि खिडकी त्याच उंचीला कापलेली असते! गुडघा बदललेल्या माणसाने त्यावर दोन तास बसणं म्हणजे शिक्षा. फोनवर आधी विचारा, खुर्ची टाकता येईल का आणि खिडकी वर घेता येईल का. विचारलं तर करून देतात, लोक चांगले आहेत.

त्याहून माझी आवडती जागा म्हणजे चाफीचा पूल. भीमतालपासून जवळ. गाडी थेट पुलापाशी जाते. आईंना कठड्याशी खुर्ची टाकून द्या आणि खाली नदीकडे बघायला सांगा. क्रेस्टेड किंगफिशर म्हणजे आपला कवड्या खंड्याच, पण आकाराने भलताच मोठा नि डोक्यावर विस्कटलेला तुरा. ब्राउन डिपर धबधब्याच्या पाण्यात सरळ बुडी मारतो आणि पलीकडे कोरड्या दगडावर निघतो. प्लंबियस रेडस्टार्ट सारखी शेपटी उघडझाप करत असतो. मी एकदा सकाळी सातला बसलो तो दहाला चहावाल्याने उठवला.

पायवाट

विनायकचं सांगायचं राहिलं कोणाचं तरी. पंगोटच्या पुढे विनायककडे रस्त्यालगत उभे गवताळ उतार आहेत, तिथे चीअर फेजंट दिसतो. पहाटे गाडी लावून समोरच्या उतारावर नजर फिरवत बसायचं. चालणं शून्य. कालिज, तोही फेजंटच, तर रस्ता ओलांडतानाच भेटतो, आपल्या रानकोंबड्यासारखाच लगबगीने.

याच भागातली एक गोष्ट मला कायम छळते. हिमालयन क्वेल नावाचा लाव्याएवढा पक्षी मसुरी आणि नैनितालच्या डोंगरउतारांवर मिळायचा. १८७६ नंतर त्याची खात्रीची एकही नोंद नाही. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून डझनभर कातडी उरलीत. नैनितालच्या शेर-का-डांडा डोंगराकडे बघताना मी दर वेळी गवत न्याहाळतो. वेडेपणा आहे, पण तुम्हीही न्याहाळाल.

चोपता मात्र या खेपेला सोडा असं माझं मत. कुमाऊँतून गढवालात जायला अख्खा दिवस गाडीत जातो, आणि मेमध्ये केदारनाथची यात्रा सुरू झालेली असते, रस्ते तुंबतात. मोनाल कुठे पळत नाही.

करवंद

बाप रे, दोन दिवस फिरकले नाही तर एवढं मिळालं. ओली_माती, चुकामूक वाचून मी एकटीच हसले आणि मग जरा वरमले. अकरा वर्षांच्या तारखा घरात असताना माझ्या डोक्यात आलं नाही की तो इथे असेल तेव्हा तिथे नसणार. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मला वाटलंच, पण तुझी रजा म्हणून बोलले नाही."

चोपता काढून टाकलं (उसासा). गाडी लागण्याबद्दल कोणी बोललं नाही अजून. आणि एप्रिलमध्ये पक्षी घरट्यावर असताना आवाज लावणारे गाइड असतील तर मला आधीच कसं कळावं?

ओली_माती

गाडी लागण्यावर: काठगोदामला पहाटे उतरलात तर लगेच घाट चढू नका. खाली हलकं काहीतरी खा, तासभर थांबा, पुढच्या सीटवर बसवा आणि ड्रायव्हरला निघण्याआधीच सांगा की घाई नाही. आलेपाक घेऊन जा. दिल्लीहून सकाळची शताब्दी घेतलीत तर पोचेपर्यंत दुपार होते, रात्रीची राणीखेत एक्सप्रेस घेतलीत तर पहाट. आईंना रात्रीचा प्रवास झेपत असेल तर दुसरी बरी, दिवस वाया जात नाही.

गाइडला फोनवर सरळ म्हणा, "हमें कॉल नहीं बजवाना है, कम दिखे तो चलेगा." जो लगेच "ठीक है जी" म्हणेल तो चालेल. जो पटवायला लागेल की थोडंसं वाजवलं तर काही होत नाही, त्याला सोडा. घरटं करायच्या दिवसांत नर तो आवाज परक्या नराचा समजून भांडायला येतो, पिल्लांसाठी फिरायचं सोडून.

आणि एक, आईंसाठी. कुमाऊँत उन्हाळ्यात इंडियन कक्कू चार सुरांत ओरडतो. आपल्याकडे पावशा 'पेरते व्हा' म्हणतो ना, तसं तिकडचे लोक त्यात 'काफल पाको' ऐकतात, म्हणजे काफल पिकलं. काफल हे तिथलं लालसर आंबटगोड रानफळ, आकाराने बोराहूनही लहान. मागची गोष्ट अशी की एका गरीब बाईने टोपलीभर काफल आणून ठेवलं आणि मुलीला राखायला बसवून शेतात गेली. परत येऊन बघते तर टोपली कमी भरलेली. मुलीने खाल्लं समजून तिने मारलं, मुलगी गेली. संध्याकाळी पाऊस आला, उन्हाने सुकलेलं काफल फुगलं आणि टोपली पुन्हा काठोकाठ. मुलगी पक्षी झाली, अजून सांगत फिरते: काफल पाको, मैं नि चाखो. पिकलंय, मी चाखलं नाही.

करवंद

ही गोष्ट मी काल रात्री आईला फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "ते फळ बाजारात मिळतं का विचार. मिळालं तर त्या पुलावर बसून खाऊ."

तर मेचा पहिला आठवडा पक्का करतेय, रजेचं साहेबांशी भांडेन. सातताल तीन, पंगोट तीन, चाफीला दोन सकाळी. काफल तोपर्यंत बाजारात येतं का, आणि खुर्ची टाकू देणारा आडोसा कोणाचा, एवढं माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कमोडवाली खोली मिळाली.